पडद्यावर बोटभर

त्रिविक्रमचा प्रोग्राम तसा साधाच होता, पण त्याचा त्याला गर्व केवढा! माऊसचं बटण दाबलं की रेघेचं एक टोक, सोडलं की दुसरं, आणि मधली रेघ काळ्या पडद्यावर पांढरी. बस्स, एवढंच. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ज्या कंपनीत तो यंत्रांचे नकाशे काढायला जायचा, तिथं याच्या दसपट मोठे प्रोग्राम होते, पण ते परक्यांचे. हा त्यानं स्वतः लिहिलेला, चामराजपेटेतल्या घराच्या पुढच्या खोलीत, कंपनीनं मोडीत काढलेल्या संगणकापुढं बसून.

सुरुवातीला या प्रोग्रामनं त्याला चांगलंच रडवलं होतं. चित्र काढावं, मग वरचा मेनू उघडावा, की मेनूखालच्या रेघा गडप. मेनू मिटला तरी तिथं नुसतं काळं. पडद्यावरची रेघ म्हणजे निव्वळ उजेड, तिला स्वतःची काही आठवण नसते, हे डोक्यात शिरायला त्याला आठवडा लागला. मग त्यानं प्रत्येक रेघ आकड्यांत साठवायला सुरुवात केली : कुठून निघाली, कुठं पोचली, रंग कोणता. पडदा बिघडला की तो सगळा स्वच्छ करायचा आणि यादीतल्या रेघा पहिलीपासून शेवटपर्यंत पुन्हा काढायच्या.

हे बघून सगळ्यात जास्त कोण हरखलं असेल तर कमलाकाकू. त्रिविक्रमच्या धाकट्या काकांची, श्रीहर्षकाकांची बायको. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. "अगोबाई, हात कुणाचा दिसत नाही आणि चित्र उमटतंय!" असं म्हणून ती खुर्ची ओढून बसायची. तिला नीट दिसावं म्हणून त्यानं प्रत्येक रेघेनंतर अर्ध्या सेकंदाचा थांबा घातला. मग रेघा एकेक करून, सावकाश, कुणी बसून काढतंय अशा उमटायला लागल्या.

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी घरात मळ्याची वाटणी व्हायची होती.

मळा बेळ्ळंदूरला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तीन एकर. पश्चिमेला आंब्याची झाडं, पूर्वेला विहीर आणि विहिरीभोवती काकूची कनकांबराची, म्हणजे अबोलीची, लागवड. काका गेल्यावर काकूनं कुणापुढं हात पसरला नाही. आठवड्यातून तीनदा बसनं मळ्यावर जायची, देवाप्पा माळ्याला घेऊन फुलं खुडायची, मार्केटात घालायची. त्या केशरी फुलांवर तिचं भाड्याचं घर चालायचं आणि मुलीचं, मनस्विनीचं, कॉलेजही. कनकांबराला पाणी लागतं. विहीर नसेल तर एका उन्हाळ्यात सगळं जळून जाईल, हे मळा न बघितलेल्यालाही कळेल.

या घराण्यात वाटणीची जुनी रीत होती, आणि ती सगळे अजून पाळायचे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपसूकच सरळ वागतो. रेघ मारताना सगळ्यांनी हजर राहायचं, आणि सह्यांचा कागद घराण्याच्या आचार्यांसमोर निघायचा. भीमाचार्य ऐंशीच्या घरातले, कानांनी पार अधू. त्यांना काही सांगायचं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं सांगावं लागे.

तर सकाळी नऊ वाजता सगळे संगणकापुढं बसले. मळ्याची हद्द त्रिविक्रमनं जुन्या सरकारी नकाशावरून आधीच काढून ठेवली होती. अण्णांनी, म्हणजे त्रिविक्रमचे वडील विश्वासराव यांनी, पडद्यावर बोट ठेवलं. "इथून सरळ वर. पश्चिमेचा मोठा, आंब्यांचा. पूर्वेचा लहान, पण विहीर त्यात, रेघेला लागूनच. उचल कमला, कुठला उचलतेस?"

"मला विहिरीकडचा द्या भावोजी," काकू म्हणाली. विचार करायला तिला क्षणही लागला नाही.

त्रिविक्रमनं बटण दाबलं, माऊस वर नेला, सोडला. रेघ पडली. अण्णा खूश दिसले. मोठा वाटा त्यांच्याकडं आला होता. आचार्य म्हणाले, "छान. आता जेवणं होऊ द्यात. मग माझ्यासमोर कागद काढा, सह्या करा." काकू आईच्या मदतीला स्वयंपाकघरात गेली, आचार्य माडीवर संध्येला गेले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं हो. मग फोन वाजला.

फोन गुंडोपंतांचा, अण्णांच्या शाळेपासूनच्या मित्राचा. अण्णा पाच मिनिटं नुसतं "हं, हं" करत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. फोन ठेवून ते पुढच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"नवा रिंग रोड आपल्या आंब्यांमधून जाणार म्हणतोय गुंडो. निम्मा वाटा सरकार घेईल. राहील तो कोरडा. बिनपाण्याच्या तुकड्याला कोण विचारतं?"

त्रिविक्रमनं पडद्यावरच्या आंब्यांच्या बाजूकडं बघितलं.

"ती रेघ स्वल्प सरकव."

"कुठं?"

"विहिरीच्या पलीकडं."

"अण्णा! काकूनं वाटा उचलला."

"मग? पूर्वेचा वाटा तिचाच आहे. मी कुठं नाही म्हणतोय? रेघ तेवढी बोटभर तिकडं. अकरा वर्षं या जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या मी झिजवल्या. श्रीहर्षनं वकिलाचं तोंड तरी पाहिलं होतं का? आणि पाणी काय आपण तिला देणार नाही? मागितलं की देऊ."

मागितलं की! सहा वर्षं जिनं काही मागितलं नाही, तिनं आता आपल्याच विहिरीचं पाणी मागायचं. त्रिविक्रमच्या तोंडावर आलं होतं हे, अगदी ओठांपर्यंत. पण सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी अण्णांना नाही म्हणायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. अण्णा खुर्चीच्या मागं उभे होते. त्यानं खोडरबर निवडलं, रेघेवरून फिरवलं, रेघ गेली. नवी मारली, पूर्वेला. पडद्यावर बोटभर, मळ्यात अठरा फूट. सरकारी नकाशात विहीर दाखवलेलीच नव्हती, आणि आकडे पुढं मोजणीवाला कागदावरूनच घालणार होता. नुसत्या डोळ्यांना फरक कळायचं कारणच नव्हतं.

"सरी, ठीक आहे," म्हणाले अण्णा आणि हात धुवायला गेले.

पानं मांडली. आईनं हयग्रीव, म्हणजे डाळ-गुळाचं पक्वान्न, केलं होतं, वाटणी गोडीनं झाली म्हणून. काकू वाढत होती. त्रिविक्रमच्या पानापुढं वाकून तिनं दुसऱ्यांदा हयग्रीव घातलं, वर तुपाची धार धरली. "खा रे. एवढंसं तोंड का केलंयस? तुझ्या यंत्रामुळं आज किती सोपं झालं. नाहीतर पूर्वी वाटणी म्हणजे भांडणं."

"आणि कागद काढताना ते चित्र पुन्हा पहिल्यापासून उमटेल ना रे?" काकूनं विचारलं. "मला फार आवडतं ते बघायला."

"उमटेल," त्रिविक्रम म्हणाला, आणि हातातला घास त्यानं पानात ठेवला.

कारण त्याचं खोडरबर म्हणजे खोडरबर नव्हतंच मुळी. काळ्या पडद्यावर पुसायचं कसं? तर त्याच जागेवरून काळ्या रंगाची जाड रेघ मारायची. आणि प्रोग्राम बिचारा प्रामाणिक. प्रत्येक रेघ साठवायची म्हटलं की तो प्रत्येक रेघ साठवणार, पांढरी काय आणि काळी काय. काकूची रेघ यादीत होती. तिला झाकणारी काळी रेघ यादीत होती. त्यानंतर अण्णांची. छपाईच्या आधी प्रोग्राम पडदा पुसणार आणि तिन्ही रेघा ओळीनं, अर्धा अर्धा सेकंद थांबत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढणार.

ताक पिऊन तो उठला आणि मोरीजवळ अण्णांना गाठून खालच्या आवाजात सांगितलं. आधी अण्णांना काही कळेना. "पुसलेली रेघ कशी दिसेल? पुसली ना?" मग कळलं तेव्हा त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"यादीतून काढता येते का ती?"

"येते."

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं."

"बायकांची जेवणं व्हायचीयत. आचार्य सुपारी कातरतायत. जा."

त्रिविक्रम संगणकापुढं येऊन बसला. यादीची फाइल उघडली. नुसते आकडे, ओळीखाली ओळ. एकतिसाव्या ओळीत काकूची रेघ. बत्तिसाव्यात तेच आकडे, फक्त शेवटी पांढऱ्याऐवजी काळा. तेहतिसाव्यात अण्णांची. एकतिसावी ओळ गेली, बत्तिसावी गेली, की जगात कुणालाही, अगदी कुणालाही कळणार नव्हतं की काकूची रेघ कधी होती. त्यानं कर्सर एकतिसाव्या ओळीवर आणला. कंट्रोल आणि वाय दाबलं की ओळ गडप. असं दोनदा. एवढंच दाबायचं होतं.

डावी करंगळी कंट्रोलवर होती. आत काकू हसून आईला काहीतरी सांगत होती, या वर्षी मोगराही लावायचाय म्हणत होती, विहिरीच्या कडेनं. त्याची करंगळी दुखायला लागली. उजवा हात वर जाईना. अण्णांना नाही म्हणायचं त्याच्यानं झालं नाही, काकूला जाऊन सांगायचंही झालं नाही, आणि आता ही दोन बटणंही दाबवेनात.

दार किलकिलं झालं. अण्णांचा चेहरा. "झालं?"

"झालं," तो म्हणाला आणि फाइल तशीच बंद केली.

आता यात शौर्यबिर्य काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जे तोंडानं बोलायची छाती नव्हती, ते त्यानं यंत्राच्या गळ्यात घातलं. दिसेल ते दिसेल, बघतील ते बघतील, आपण आपलं बटण दाबून मोकळं. असा त्याचा हिशेब.

दोन वाजता सगळे पुन्हा जमले. आचार्य वेताच्या खुर्चीत, काकू त्यांच्या शेजारी पुढं सरकून बसलेली, आई दाराशी, अण्णा भिंतीला टेकून, अगदी निश्चिंत. त्रिविक्रमनं प्रिंटरला कागद लावला. मेनू उघडला. छपाई. पडदा काळा झाला.

दक्षिणेची हद्द उमटली. थांबा. तळ्याकडची. थांबा. बांध आला, पायवाट आली, तिची वळणं एकेक करून आली. तो मनात मोजत होता. सत्तावीस. अठ्ठावीस. मळ्याचं फाटक. एकोणतीस. तीस.

एकतीस. काकूची रेघ खालून वर सरळ चढली, पांढरी लख्ख, आणि थांबली.

बत्तीस. कुणी फडकं फिरवावं तशी ती खालून वर नाहीशी झाली.

तेहतीस. बोटभर उजवीकडं दुसरी रेघ उभी राहिली.

अण्णांचे टेकलेले खांदे भिंतीपासून सुटले, हे त्रिविक्रमला न बघता कळलं. प्रिंटर खरखरायला लागला. आचार्य डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होते, पण त्यांना रेघा तरी दिसल्या असतील का कोण जाणे. काकूचे हात मांडीवर होते. चेहऱ्यावर काही नाही. प्रिंटरनं कागद खालपर्यंत आणला. अण्णांनी घाईनं पुढं होऊन तो फाडून घेतला, आचार्यांपुढं धरला. आचार्यांनी मान डोलावली आणि कागद काकूच्या हातात दिला. अण्णांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं.

काकूनं टोपण काढलं.

अहो, यंत्रानं सांगितलं, सगळ्यांच्या समोर सांगितलं, आणि ती सही करणार? तिला दिसलं नाही? की दिसून कळलं नाही? काकूनं कागद स्टुलावर ठेवला, पेन टेकवलं, 'क' लिहिला. आता बोल, आता बोल, असं तो स्वतःला म्हणत होता आणि नुसता पेनाकडं बघत होता.

काकूनं पेन उचललं.

"पुन्हा एकदा काढून दाखव रे," ती म्हणाली.

"कशाला आता? कागद निघाला की," अण्णा म्हणाले.

"मला आवडतं बघायला."

त्यानं पुन्हा काढलं. पुन्हा हद्द, बांध, पायवाट. पुन्हा ती रेघ चढली. या वेळी काकू उठून पडद्याजवळ आली होती. रेघ उमटली तशी तिनं तिच्यावर बोट ठेवलं. बोटाखालून रेघ पुसली गेली. शेजारी नवी उभी राहिली. काकूनं बोट काढलं नाही. बोट तिथंच, रेघ पलीकडं.

"सकाळी मारलेली ही," ती म्हणाली. "आणि ती?"

त्रिविक्रम कीबोर्डकडं बघत राहिला.

"दोन्ही तूच मारल्यास ना?"

"हो."

"आणि हे मला दिसावं म्हणून ठेवलंस. काढून टाकता आलं असतं तुला."

"हो काकू," तो म्हणाला. त्याचं रडू फुटायच्या बेतात होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. काकूला कळलं. आता सगळं ठीक होईल.

पण काकू त्याच्या पाठीवर हात ठेवणार नव्हती. "मी तुला वाढलं त्रिविक्रम. चारदा तुझ्या पानापुढं वाकले. तेव्हा तोंड कुठं गेलं होतं? माझी नजर चुकली असती तर? मी डोळे पुसायला खाली बघितलं असतं, तेवढ्यात रेघ येऊन गेली असती, तर माझी विहीर गेली असती. तू तिथं बसून बघत राहिला असतास. हो की नाही?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"यंत्र बोललं म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तोंडानं सांग. आचार्यांना सांग."

"कमला, मी बघतो ते, आपण जरा—" अण्णा पुढं आले.

"तुम्ही थांबा भावोजी," काकू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अण्णांना थांबा म्हटलं असेल.

"आचार्य, रेघ सरकलीय," त्रिविक्रम म्हणाला.

"काय? काय म्हणतोय?" आचार्यांनी कानामागं हात धरला.

"रेघ सरकवलीय!"

"कोणी?"

समोरच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. आई दाराची चौकट धरून उभी होती. त्रिविक्रमनं अण्णांकडं बघितलं. अण्णांच्या कपाळावरची शीर उडत होती. साठीला आलेला माणूस, सगळ्या पेटेत ज्याचा शब्द चालायचा, तो माणूस भिंतीशी उभा राहून आपल्या मुलाच्या तोंडाकडं बघत होता. त्रिविक्रमला ते बघवलं नाही.

"मी!" तो ओरडला. "मी सरकवली, आचार्य! काकूनं वाटा उचलल्यावर! विहीर तिच्याकडं होती, ती मी आमच्याकडं घेतली!"

एकदाचं बाहेर आलं. गल्लीला ऐकू गेलं. आचार्यांचा हात कानावरून खाली आला. ते त्रिविक्रमकडं बघेनातच. मान वळवून ते अण्णांकडं बघायला लागले.

"विश्वास," ते म्हणाले, "काय ऐकतोय मी हे?"

त्रिविक्रमही बघत होता. आता अण्णा बोलतील, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. मी एवढं बोललो, तर ते एक वाक्य बोलतील. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला.

"पोर आहे, आचार्य," ते मोठ्यानं म्हणाले, आचार्यांना ऐकू जाईल असं. "आमच्यावरच्या मायेपोटी केलं असेल. मी सुधारून घेतो त्याच्याकडून." मग ते खुर्चीमागं आले आणि त्यांनी त्रिविक्रमच्या खांद्यावर हात ठेवला. "काढ रे ती. काकूची रेघ होती तिथंच काढ. असं करायचं नसतं, बाळ."

काकूनं अण्णांकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग ती खुर्चीत जाऊन बसली आणि पेनाचं टोपण लावलं. तिला तिची विहीर मिळाली होती.

खांद्यावरचा हात जड होता. त्रिविक्रमनं तो झटकला नाही.

"हो अण्णा," तो म्हणाला आणि माऊस हातात घेतला.